रत्नाची पूर्ण हकीकत

सराफाच्या पेढीवर नीलम किंवा माणिक घ्यायला आलेले गिऱ्हाईक हल्ली एक प्रश्न हमखास विचारते : ‘खडा तापवलेला तर नाही ना?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे खरे उत्तर मिळण्याचा त्याला पुरा हक्क आहे. पण त्याच खड्याबद्दलचे इतर प्रश्न कोणाच्या तोंडी येत नाहीत. खाणीतून निघाला तेव्हा हा दगड केवढा होता? कापताना त्यातला किती गेला? याआधी तो दुसऱ्याच घाटाचा होता का? असला, तर तो घाट कोणी आणि कशासाठी मोडला? तापवलेल्या खड्याकडे आपण डागी माल म्हणून पाहतो आणि चाकावर निम्म्याहून अधिक झिजवलेल्या खड्याला मात्र बिनदिक्कत ‘नैसर्गिक’ म्हणतो.

हा भेद मला मान्य नाही. आग आणि चाक ही दोन्ही माणसाच्या हातची साधने आहेत. दोन्हींनी रत्न घडते, दोन्हींनी बिघडू शकते, आणि चाकाने नेलेले तर कधीच परत येत नाही. म्हणून रत्नव्यवहारातला प्रामाणिकपणा ‘खडा नैसर्गिक की कृत्रिम’ एवढ्या एका प्रश्नावर तोलता येणार नाही. खड्यावर काय काय झाले याची पूर्ण हकीकत सांगितली गेली का, हा खरा प्रश्न आहे. त्या हकीकतीत आग येते, चाक येते, आणि चाकावर बसलेला माणूसही येतो.

आधी आग नेमके काय करते ते पाहू. माणिक आणि नीलम ही कुरुंद या एकाच खनिजाची दोन रूपे. शुद्ध कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि ते रंगहीन असते. त्यात अत्यल्प क्रोमियम शिरले की माणिक होते. लोह आणि टायटॅनियम यांची जोडी जमली की नीलम होतो. श्रीलंकेत रत्नपुऱ्याच्या आसपास नदीच्या गाळात कुरुंदाचे असे कितीतरी खडे सापडत, की ज्यांत ही दोन्ही द्रव्ये असूनही रंग नसे. दुधट, धुरकट, डिझेलसारखी झाक असलेल्या या दगडांना तिथे ‘गेउडा’ म्हणतात. १९७० च्या दशकापर्यंत त्यांना भाव नव्हता. मग थायलंडचे व्यापारी ते स्वस्तात नेऊ लागले आणि थायलंडमधल्या भट्ट्यांतून त्याच दगडांचे गडद निळे नीलम होऊन बाहेर पडू लागले.

यात जादू नव्हती, रसायनशास्त्र होते. गेउड्याचा दुधटपणा रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडच्या, अतिसूक्ष्म सुयांमुळे असतो. भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून दगड १५०० ते १८०० अंश सेल्सिअसपर्यंत नेला की या सुया विरघळतात. त्यांतले टायटॅनियम स्फटिकाच्या रचनेत पसरते, तिथे आधीपासून असलेल्या लोहाशी त्याची जोडी जमते आणि दगड निळा होतो. सुया गेल्यामुळे धूसरपणाही जातो. भट्टीत ऑक्सिजन भरपूर ठेवला तर श्रीलंकेच्याच काही फिकट खड्यांना पिवळा रंग चढतो आणि आपल्याकडे ते पुष्कराज म्हणून विकले जातात. रंगाचे द्रव्य दोन्ही वेळा दगडाचे स्वतःचेच असते. आगीने त्याची आतली मांडणी तेवढी बदललेली असते. हा बदल टिकाऊ आहे. बोटातल्या अंगठीत तो फिका पडत नाही, पाण्याने किंवा उन्हाने उतरत नाही.

हे काम सोपेही नाही. प्रत्येक खाणीच्या दगडाला वेगळी आच लागते. स्फटिकात अडकलेला दुसऱ्या खनिजाचा कण उष्णतेने फुगतो आणि त्याच्याभोवती चकतीसारखी चीर पडते. तापमान घाईने वाढवले किंवा उतरवले तर दगडाचे तुकडे होतात. हाच अडकलेला कण आणि हीच विरघळलेली सुई पुढे प्रयोगशाळेत साक्ष देते : सूक्ष्मदर्शकाखाली अखंड रेशमी सुया दिसल्या तर खडा अतिउष्णतेतून गेलेला नाही, आणि सुयांच्या जागी ठिपक्यांच्या तुटक रांगा दिसल्या तर गेलेला आहे. म्हणजे आग खड्यावर आपली खूण ठेवून जाते, आणि वाचता येणाऱ्याला ती वाचता येते. ही गोष्ट पुढच्या युक्तिवादासाठी महत्त्वाची आहे.

रत्न तापवणे हे आधुनिक बाजाराचे पाप आहे असे मानणाऱ्यांनी आपल्या भूमीचा इतिहास पाहावा. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत अकीक तयार होतो. तो झिजून, वाहून गुजरातेत भरूचजवळच्या रतनपूरच्या थरांत साठला आहे. तिथला पिवळट, मातकट अकीक तापवला की त्यातल्या लोहाच्या संयुगांतले पाणी निघून जाते आणि दगड लाल होतो. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांना हे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक होते. लोथलच्या उत्खननात मणी घडवण्याचे कारखाने मिळाले आणि याच परंपरेतले लाल मणी मेसोपोटेमियात उर इथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत सापडले. खंभातचे कारागीर आजही अकीक भाजतात आणि मगच घडवतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भरूचच्या बंदरात जाणाऱ्या मालात अशाच जातीच्या पट्टेदार दगडांची नोंद आहे. मराठी मुलूख या व्यापाराच्या वाटेवरच होता. पुढे अकराव्या शतकात अल-बिरुनीने रत्नांवरच्या आपल्या ग्रंथात माणिक तापवण्याची रीत लिहून ठेवली, आणि श्रीलंकेत कोळशाच्या निखाऱ्यावर फुंकणीने आच देऊन माणकातली जांभळट झाक घालवण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आगीवाचून रत्नांचा इतिहास लिहिताच येत नाही.

आजच्या बाजाराचा आगीविषयीचा न्यायही एकसारखा नाही. टांझानियातल्या मेरेलानी इथे १९६७ मध्ये सापडलेला टांझानाइट बहुधा तपकिरी निघतो. पाच-सहाशे अंशांवर तापवल्यावर त्याला निळा-जांभळा रंग येतो. बाजारातला जवळजवळ प्रत्येक टांझानाइट तापवलेला असतो आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडत नाही. अॅक्वामरीनमधली हिरवट झाक घालवायला तो सर्रास तापवतात. पुष्कळसा सिट्रीन हा मुळात तापवलेला जांभळा अॅमेथिस्ट असतो. यांपैकी कशालाही आपण खोटा म्हणत नाही. मग नीलम तापवला म्हणून एकदम बाटला कसा?

यावर एक वजनदार आक्षेप येईल. तापवलेला आणि न तापवलेला नीलम शेजारी ठेवला आणि दोघांचे रूप सारखेच असले, तरी न तापवलेल्याची किंमत कितीतरी जास्त असते. मोझांबिकच्या मोंतेपुएझ खाणीतल्या १०१ कॅरटच्या दगडातून कापलेले ५५.२२ कॅरटचे, न तापवलेले ‘एस्ट्रेला दी फुरा’ हे माणिक जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३४८ लाख डॉलरला गेले. आग निर्दोष असेल तर बाजार तिला एवढी शिक्षा का करतो?

माझे उत्तर असे, की बाजार इथे आगीला शिक्षा करत नसून दुर्मीळपणाला बक्षीस देतो. हजारो दगडांतून एखादाच असा निघतो की ज्याला मदतीची गरज लागत नाही. त्याला जास्त मोल मिळावे यात अन्याय नाही. काश्मीरच्या पाडर भागात १८८१ च्या सुमारास दरड कोसळल्यावर उघडे पडलेले नीलम काही वर्षांतच जवळजवळ संपले. त्यांचा मखमली निळा रंग आणि त्यांचे अल्पत्व मिळून त्यांची किंमत ठरते. पण दुर्मीळ नसणे आणि खोटे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापवलेला नीलम कमी दुर्मीळ आहे, म्हणून तो स्वस्त असावा. तो स्वस्त असल्यामुळेच मध्यमवर्गीय घरातली मुलगी लग्नात खरा नीलम घालू शकते. न तापवलेल्याचा भाव लावून तापवलेला विकणारा फसवणूक करतो. आगीचा त्यात दोष नाही. दोष लपवण्याचा आहे.

मग आग मर्यादा कुठे ओलांडते? या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही दशकांच्या घटनांनीच दिले आहे. १९८० च्या दशकात फिकट नीलमाला टायटॅनियमच्या भुकटीत ठेवून प्रचंड उष्णता देण्याची पद्धत बाजारात आली. रंग आत शिरे, पण कातडीपुरताच. असा खडा द्रवात बुडवून पाहिला तर पैलूंच्या कडांवर रंग दाटलेला दिसे आणि आतला गाभा फिका. तो नव्याने पैलू पाडायला चाकावर घेतला तर रंगच निघून जाई. पुढे २००१ च्या सुमारास थायलंडच्या चंथाबुरीतून नारिंगी आणि गुलाबी-नारिंगी नीलमांचा लोंढा बाहेर पडला. त्यांतले पुष्कळ खडे केवळ ‘तापवलेले’ म्हणून जपानच्या बाजारात विकले गेले. २००२ च्या सुरुवातीला उलगडा झाला, की भट्टीत कुरुंदाबरोबर क्रिसोबेरिलचे तुकडे होते आणि त्यांतले बेरिलियम खड्यांत खोलवर शिरले होते. बेरिलियम इतके हलके आणि इतके अल्प, की नेहमीच्या उपकरणांना ते दिसेना. ते ओळखण्यासाठी अतिशय महागडे रासायनिक पृथक्करण करावे लागले. त्यानंतर २००४ मध्ये जपानी प्रयोगशाळेने शिसेयुक्त काच भरलेल्या माणकांची नोंद केली. चिरांनी भरलेल्या, जवळजवळ फेकून देण्याच्या दगडात वितळलेली काच मुरवली की चिरा दिसेनाशा होतात, कारण त्या काचेतून प्रकाश जवळजवळ माणकातल्यासारखाच वळतो. अशी अंगठी दुरुस्तीला गेली आणि सोनाराने नेहमीप्रमाणे आच दिली, तर काच वितळते. लिंबाच्या रसानेही ती खराब होते.

या तीन घटना एका ओळीत ठेवल्या की रेघ स्पष्ट दिसते. गेउड्याला तापवताना रंगाचे द्रव्य खड्याचेच असते. टायटॅनियम आणि बेरिलियम बाहेरून आणलेले असतात. काच भरलेल्या माणकात तर दगडाचा मोठा भागच दुसऱ्या पदार्थाने सांधलेला असतो आणि तो टिकतही नाही. म्हणून मी तीन कसोट्या धरतो. रंग देणारे द्रव्य खड्याचे स्वतःचे आहे का? केलेला बदल रोजच्या वापरात टिकतो का? आणि विकताना तो सांगितला गेला का? पहिल्या दोन कसोट्यांत पडणारा खडासुद्धा तिसऱ्या कसोटीला उतरला तर त्याला बाजारात जागा आहे. काच भरलेले माणिक ‘काच भरलेले’ म्हणून, त्याच्या भावाने आणि वापराच्या सूचनांसह विकले तर कोणाचे काही बिघडत नाही. याउलट पहिल्या दोन कसोट्यांना उतरलेला खडा तिसरीत नापास झाला तर व्यवहार नासतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या दागिन्यांविषयीच्या मार्गदर्शक नियमांतही हेच तत्त्व आहे : प्रक्रिया टिकाऊ नसेल, खड्याला खास जपावे लागत असेल किंवा तिच्यामुळे मोलात लक्षणीय फरक पडत असेल, तर ती सांगायची.

आता चाकाकडे येऊ. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ असे म्हणणारी आपली संस्कृती. घडवणाऱ्या हाताचा तिला आदर आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या आदरापोटी चाकाचा हिशेब विचारायचे राहून जाते. रंगीत रत्नाचा कच्चा दगड पैलू पाडून तयार होईपर्यंत त्याचा मोठा भाग भुकटी होऊन जातो. एकतृतीयांश वजन हाती राहिले तरी कारागीर समाधान मानतो. ‘एस्ट्रेला दी फुरा’सारखा निम्म्याहून अधिक वजन राखणारा दगड भाग्याचा. काय ठेवायचे आणि काय घालवायचे हा निर्णय कारागिराचा, आणि त्या निर्णयावर खड्याचा रंगसुद्धा ठरतो.

नीलम वेगवेगळ्या दिशांनी वेगळा रंग दाखवतो. स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या दिशेने पाहिले तर शुद्ध निळा, आडव्या दिशेने पाहिले तर हिरवट निळा. म्हणून खड्याचा वरचा सपाट पैलू त्या अक्षाला काटकोनात असावा हे उत्तम. पण नीलमाचे स्फटिक बहुधा त्याच अक्षावर लांबट, चातीसारखे वाढलेले असतात. रंग साधायचा तर वजन जाते, वजन राखायचे तर रंगात हिरवट झाक येते. शिवाय रंग दगडात सारखा पसरलेला नसतो. श्रीलंकेचे मुरलेले कारागीर निळा डाग नेमका खड्याच्या तळाशी, टोकाजवळ ठेवतात. तेवढ्या डागावरून फिरून आलेला उजेड सगळा खडा निळा दाखवतो. वरून पाहणाऱ्याला गडद नीलम दिसतो, बाजूने पाहिले तर बराचसा भाग रंगहीन असतो. ही अप्रतिम कारागिरी आहे. पण दिसणाऱ्या रंगात फरक करण्याची तिची ताकद भट्टीपेक्षा कमी नाही. भट्टीचा उल्लेख प्रमाणपत्रावर येतो, या मांडणीचा येत नाही.

वजनाचा मोह तर घाटच बिघडवतो. खड्याचा भाव कॅरटवर ठरतो आणि एक, दोन, तीन, पाच कॅरटचा उंबरठा ओलांडला की दर उडी घेतो. म्हणून तीन कॅरट भरावेत यासाठी खड्याचे पोट फुगलेले ठेवले जाते. ते कोंदणाखाली लपते, त्याने सौंदर्यात भर पडत नाही, पण गिऱ्हाईक त्याचेही पैसे मोजते. याउलट दगड चपटा असेल तर खालचे पैलू फारच उतरते ठेवले जातात. कुरुंदाचा वक्रीभवनांक १.७६ ते १.७७ आहे. खालच्या पैलूंचा कोन साधारण ३५ अंशांच्या खाली गेला की वरून शिरलेला उजेड परत न फिरता तळातून निसटतो आणि खड्याच्या मधोमध फिकट, आरपार दिसणारी जागा उरते. पुष्कळांच्या अंगठ्यांत असे खडे आहेत आणि आपल्या खड्यात पाणी नाही असे त्यांना वाटते. पाणी दगडात होते. ते घाटात हरवले.

अशा वेळी खडा पुन्हा कापावा का? सर्वसाधारण खड्याच्या बाबतीत माझे उत्तर होकाराचे आहे. फुगलेले पोट उतरवून, कोन सुधारून, वर्षानुवर्षांच्या वापराने बोथटलेल्या कडा नव्याने धारदार केल्या तर मरगळलेला नीलम जागा होतो. मालकाला एवढे मात्र आधी समजले पाहिजे, की तीन कॅरटहून थोडा जास्त भरणारा खडा तीनच्या खाली उतरला तर तो अधिक सुंदर होऊनही त्याचा दर घसरू शकतो, आणि नवा कोन आवडला नाही तर जुना परत मिळणार नाही. आग आणि चाक इथे एकमेकांत गुंतलेलीही असतात. अतिउष्णतेत पैलूंचा पृष्ठभाग खराब होतो, म्हणून दगड आधी ढोबळ घडवतात, मग तापवतात आणि शेवटी पुन्हा चाकावर घेऊन पूर्ण करतात. दोन्हींना वेगळ्या नैतिक खान्यांत टाकणारा माणूस कारखान्यात एक दिवस घालवील तर त्याला हे खाने मोडावे लागतील.

खड्याला इतिहास असेल तर मात्र माझे उत्तर बदलते. गोवळकोंड्याच्या प्रदेशातला एक निळा हिरा तावेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने चौदाव्या लुईला विकला तेव्हा तो सुमारे ११५ कॅरटचा होता. १६७३ मध्ये राजाच्या जवाहिऱ्याने तो पुन्हा कापून सुमारे ६९ कॅरटचा केला. १७९२ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो चोरीला गेला, आणि वीस वर्षांनी लंडनमध्ये ४५.५२ कॅरटचा एक निळा हिरा दिसू लागला. आज तो ‘होप’ नावाने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तो त्याच राजाच्या हिऱ्यातून कापलेला आहे हे नक्की करायला दोन शतके लागली. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जुन्या हिऱ्याचा शिशाचा ठसा २००७ मध्ये सापडला तेव्हा कोडे पुरते सुटले. चाक इतके बेमालूम पुरावा नष्ट करू शकते. आगीने असे कधी केलेले नाही.

कोहिनूरची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असते. १८५२ मध्ये लंडनमध्ये तो सुमारे १९१ कॅरटवरून १०५.६ कॅरटवर आणला गेला, कारण भारतीय घाट युरोपच्या डोळ्यांना पुरेसा झगमगीत वाटत नव्हता. त्या चवलीपावलीच्या झगमगाटासाठी किती मोठा पुरावा गेला याची खंत तेव्हा फारशी कोणाला वाटली नाही. पण एकविसाव्या शतकातही तेच घडले. १७२२ मध्ये बव्हेरियाच्या राजघराण्याकडे आलेला ३५.५६ कॅरटचा ‘विटल्सबाख’ हा निळा हिरा हिऱ्यांचे व्यापारी लॉरेन्स ग्राफ यांनी डिसेंबर २००८ मध्ये लिलावात घेतला आणि नंतर पुन्हा कापून ३१.०६ कॅरटचा केला. कडांवरच्या टवक्यांचे डाग गेले, रंगाची आणि स्वच्छतेची श्रेणी वाढली. त्याबरोबर सतराव्या शतकातल्या कारागिराचे पैलूही गेले. मालकाला तसा कायदेशीर अधिकार होता. पण प्रमाणपत्रावरच्या एका वरच्या श्रेणीसाठी तीन शतकांची साक्ष पुसावी, हा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. त्या टवक्यांत इतिहास होता आणि रंगाच्या नव्या श्रेणीत तो नाही.

याच्या उलट दृष्टी आपल्याच उपखंडात होती. मोगल बादशहांना मोठे लाल स्पिनेल फार प्रिय. ते त्यांनी पैलूंच्या सममितीसाठी कापले नाहीत. त्यांचा मूळ आकार राखून, नुसते घासून-चमकवून त्यावर आपली नावे कोरवून घेतली. ‘तैमूर रुबी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ३५२.५ कॅरटच्या स्पिनेलवर जहांगीर, शाहजहान, नादिरशहा, अहमदशहा अब्दाली अशी नावे कोरलेली आहेत. तो खडाच त्याची वंशावळ आहे. कोणी तो झगमगीत करण्यासाठी चाकावर घेतला असता तर वजन थोडे गेले असते आणि सारी वंशावळ गेली असती. रत्नाचे मोल त्याच्या रंगाइतकेच त्याने सोसलेल्या हातांतही असते, ही जाण मोगल दरबाराला होती. आजच्या लिलावगृहांना ती पुन्हा शिकावी लागेल.

आता श्रद्धेचा प्रश्न. महाराष्ट्रात नीलम आणि पुष्कराज घेणाऱ्यांतले कितीतरी लोक ग्रहांसाठी खडा घेतात आणि तो तापवलेला नसावा अशी त्यांची अट असते. रत्नाचा ग्रहांशी संबंध असतो असे मी मानत नाही. पण मानणाऱ्याने घातलेली अट ही व्यवहाराची अट आहे. ती मान्य करून तापवलेला खडा गळ्यात मारणे ही दुहेरी फसवणूक होते, पैशाची आणि विश्वासाची. असे गिऱ्हाईक अडचणीत असते, आजारपण किंवा कोर्टकचेरीने गांजलेले असते, आणि म्हणून कमी प्रश्न विचारते. त्याला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावाचून खडा विकू नये, एवढी तरी शिस्त ज्योतिषी आणि सराफ या दोघांनी पाळली पाहिजे. जयपूर आणि मुंबईत रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळा आहेत, आणि तापवल्याच्या खुणा वाचणे हे त्यांचे रोजचे काम आहे.

पूर्ण हकीकतीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग अजून राहिला आहे. खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ जाऊन सिलिकोसिस होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यावर अभ्यास केले आहेत. हा आजार बरा होत नाही. घराघरांत चालणाऱ्या या धंद्याची धूळ चाकावर न बसणाऱ्या बायकामुलांनाही सोडत नाही. पाण्याचा वापर, धूळ ओढून घेणारे पंखे, कामाची वेगळी जागा या उपायांनी ती खूप आटोक्यात येऊ शकते. पण अकिकाच्या माळेला मिळणाऱ्या भावात या उपायांचा खर्च कोणी धरत नाही. ‘खडा तापवलेला आहे का’ असे विचारणाऱ्या समाजाने ‘खडा घासणाऱ्याच्या छातीत धूळ गेली का’ हेही विचारले पाहिजे. आग दगडाला लागते. धूळ माणसाला लागते. यांतली कुठली गोष्ट अधिक गंभीर, हे सांगायला रत्नपारखी लागत नाही.

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि ‘बावीस कॅरट’ या शब्दांना कायद्याचे पाठबळ मिळाले. रंगीत रत्नांसाठी असा सक्तीचा शिक्का नाही. तो आणणे सोन्यापेक्षा कठीण आहे, कारण सोने वितळवून तपासता येते आणि प्रत्येक खडा निराळा असतो. पण शिक्क्याची वाट न पाहता पावतीपासून सुरुवात करता येईल. पावतीवर खनिजाचे नाव, वजन, तापवला असेल तर तसे, बाहेरचे द्रव्य किंवा काच किंवा तेल असेल तर तसे, आणि पुन्हा कापलेला असेल तर आधीचे वजन, इतके लिहायला चार ओळी लागतात. काळजी कशी घ्यावी ही पाचवी ओळ. विकणाऱ्याला एखादी गोष्ट माहीत नसेल तर त्याने ‘तपासलेले नाही’ असे लिहावे. तेही प्रामाणिक उत्तर आहे आणि गिऱ्हाईक त्यावरून आपला निर्णय घेऊ शकते. ऐतिहासिक रत्न चाकावर घेण्याआधी त्याची मोजमापे, छायाचित्रे आणि संगणकीय त्रिमिती नोंद करून ती संग्रहालयाकडे ठेवणे आज सहज शक्य आहे. चौदाव्या लुईच्या जवाहिऱ्याकडे ही साधने नव्हती. आपल्याकडे आहेत.

अशा पावतीने धंदा बुडेल अशी भीती काही व्यापारी बोलून दाखवतात. अनुभव याच्या उलट आहे. टांझानाइट तापवलेला असतो हे उघड असूनही त्याचा बाजार उभा राहिला, आणि बेरिलियमची गोष्ट लपवली गेली म्हणून नारिंगी नीलमांवरचा विश्वास मोडला. माहितीने भाव ठरतो, लपवाछपवीने तो कोसळतो. तापवलेला नीलम स्वाभिमानाने विकता येतो, त्याच्या भावाने आणि त्याच्या नावाने. पुन्हा कापलेला खडा ‘पुन्हा कापलेला’ म्हणून ज्याने कापला त्याच्या कौशल्यासह विकता येतो. खाणीतून निघालेला दगड कधीच रत्न नसतो. माणसाने निवडलेला, तापवलेला, कापलेला आणि घासलेला दगड रत्न होतो. त्यात माणसाचा हात आहे हे मान्य करण्यात कमीपणा नाही. कमीपणा तो हात लपवण्यात आहे, आणि पेढीवर बसलेल्या प्रत्येकाने आजपासून ते थांबवावे, इतकी ही साधी मागणी आहे.